शेऱ्याचा रकाना

सकाळी आठला एकदा, सांजच्या सहाला एकदा
मी बरडावरून खाली उतरते
नदीचा आकडा आणायला.
आधी बा उतरायचा. एकोणतीस वर्षं.
आता त्याचा गुडघा उतरत नाही,
म्हणून वही माझ्याकडे, पेन्सिल माझ्याकडे,
अन् सहीच्या जागी अजून त्याचंच नाव :
सोमा इस्तारी चाचेरे, मापक.

वाट तीन रंगांची आहे.
वर लाल मुरूम, पायाखाली करकरणारा,
तेंदूची खुरटी झुडपं, एक मोह,
ज्याच्या ढोलीवरून पोपट दरसाल भांडतात.
मग तलावाची पार. कोण्या जुन्या कोहळ्यानं बांधलेली.
त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही,
पण तुडूम अजून त्याचंच ऐकतं :
खुंटी उपसली की पाणी आधी जरासा विचार करतं
अन् मग बांध्यांकडे निघतं.
पारीखाली काळी माती, हिवाळ्यात लाखोरीची निळी फुलं,
त्यापलीकडे पानथळ,
जिथं जमीन अन् पाणी यांचा
सातबारा अजून वेगळा झालेला नाही.
देवधान तिथं आपोआप उगवतं. बेशरमही.
शेवटी रेती. ऋतू पाहून
दहिवरानं भिजलेली, नाहीतर चटका देणारी.
अन् रेतीत उभी काळी-पांढरी पट्टी.

वहीत रकाने पाच :
तारीख, वेळ, पातळी, वारा, शेरा.
साहेब म्हणाले, शेऱ्यात पूर लिहायचा,
नसला तर निरंक.

बाच्या जुन्या वह्या मी पाहिल्या.
१४ डिसेंबर. एक मीटर बारा. सारस दोन.
१५ डिसेंबर. एक मीटर अकरा. सारस तीन.
तिसरं लहान, मान अजून मातकट.
३ जानेवारी. धुकं. पट्टी दिसली नाही,
हात लावून वाचली.
९ जानेवारी. शिंगाड्याच्या डोंग्यात भागरताबाई एकटीच.
नवरा गेल्यानंतर आज पहिल्यांदा.
२१ जानेवारी. निरंक.
अन् त्याखाली दुसऱ्या शाईनं, त्याचंच अक्षर :
खोटं. बोडीतली बदकं सारी एकदम उठली होती.

मी घरी आले की खाटेवरून विचारतो,
"पानी का म्हन्ते?"
"नव्वद."
तो डोळे मिटतो.
"म्हंजे कमळाचे ढेस उघडे पडले असतील.
डुकरं येतील राती.
वलथऱ्याले सांग, जाळं काढून घे म्हना."
नव्वदमधून त्याला एवढं दिसतं.
मला नव्वदमधून नव्वद दिसतं
अन् थोडी पाठदुखी.

मे महिन्यात नदी पट्टी सोडून गेली.
पट्टीच्या बुडाशी एक शिंपला होता
अन् कुणाच्या तरी बैलाचा खूर उमटलेला.
वहीत लिहिलं, पाणी नाही.
शेऱ्यात काहीच लिहिलं नाही.
बाला काय सांगायचं
ते मोहाखाली थांबून ठरवलं.

"का म्हन्ते?"
"वीस."
तो डोळे मिटणार होता, पण थांबला.
माझ्या पायांकडे पाहू लागला.
सगळ्यात वर लाल धूळ,
तिच्याखाली पानथळातल्या भेगांचा काळा भुगा,
बोटांच्या बेचक्यांत रेती, पांढरी, कोरडी,
बोलता बोलता झडणारी.
चिखल कुठंच नव्हता.

"वीसले रेती ओली असते," तो म्हणाला.
रागावला नाही.
"उकरून पाह्यलं होतं का?"
नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता
मी पट्टीच्या बुडाशी बसले अन् उकरत गेले.
मनगटापर्यंत गरम.
त्याखाली गार, मग काळसर,
मग तळाशी बोटभर पाणी हळूहळू जमलं,
माझा चेहरा मावेल एवढंही नाही.

ओल्या हातानं पेन्सिल धरली.
पातळी : रिकामं ठेवलं.
शेरा : कोपरापर्यंत हात.